रूळ गेले तरी चढ राहतो

घाटात सायकल घालणाऱ्याला दोन गोष्टींची धास्ती असते, पुढच्या चढाची आणि मागून येणाऱ्या ट्रकची. आपण या दोन वेगळ्या अडचणी मानतो. एकीचे उत्तर पायांच्या ताकदीत शोधतो, दुसरीचे वाहतुकीच्या शिस्तीत. हिशेब मांडून पाहिला तर दोन्हींचे मूळ एकच निघते. स्वार, सायकल आणि मागे लादलेले सामान मिळून १०० किलो वजन धरा. दर १०० मीटरला २ मीटर चढणारी वाट ताशी १० किलोमीटर वेगाने चढायची तर साधारण ७५ वॉट ताकद लागते. रोजचा सराव नसलेला, पण धडधाकट असा पन्नाशीतला माणूसही एवढी ताकद तासभर लावू शकतो. तीच वाट १०० मीटरला ८ मीटर चढू लागली की त्याच वेगासाठी सव्वादोनशेहून अधिक वॉट लागतात, म्हणजे तिप्पट. एवढे बळ नसलेला माणूस नाइलाजाने वेग कमी करतो. वेग ताशी चार किलोमीटरांच्या आसपास आला की सायकल सरळ रेषेत राहत नाही. तोल सांभाळण्यासाठी हँडल सारखे डावीउजवीकडे वळवावे लागते आणि सायकल रस्त्याची जास्त रुंदी मागू लागते. घाटात नेमकी तीच नसते, कारण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कठडा. घाटातला ट्रक सायकलस्वाराला जितका धोकादायक ठरतो, त्यात बराचसा वाटा चढाचा असतो.

हे ध्यानात घेतले की डोंगराळ मुलखातल्या वाहनमुक्त सायकलमार्गांची चर्चा कुठे चुकते ते दिसते. रस्ता मोटारींना बंद केला की काम झाले, असे धरून चालले जाते. इटलीतला स्टेल्व्हियो घाट पाहा. एका बाजूने २४ किलोमीटरांत १८०० मीटर चढणारा, ४८ नागमोडी वळणांचा हा रस्ता २७५७ मीटर उंचीवर पोहोचतो. वर्षातून एक दिवस तो मोटारींना बंद करून सायकलींना मोकळा सोडतात आणि हजारो सायकलस्वार लोटतात. उत्सव म्हणून तो देखणा आहे आणि तो व्हावाच. पण सरासरी सात टक्क्यांहून अधिक चढ असलेला तो रस्ता त्या दिवशीही बारा वर्षांच्या मुलीला, सत्तरीच्या आजोबांना किंवा पाळणा लावलेली सायकल चालवणाऱ्या आईला बंदच असतो. तिथे एकही मोटार नसली तरी तो त्यांच्यासाठी उघडत नाही. डोंगरात सर्वांसाठी मार्ग करायचा असेल, तर मोटार नाही आणि दमछाक करणारा चढही नाही, अशी वाट हवी. अशी वाट आज नव्याने डोंगरातून खोदणे कोणत्याच सरकारला परवडणार नाही. सुदैवाने बऱ्याच ठिकाणी ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच खोदून झाली आहे. ती रेल्वेने खोदली.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज धावते आणि तितक्याच सहज घसरतेही. सपाटीवर हा गुण ठरतो, चढावर दोष. म्हणून डोंगर चढताना रेल्वेच्या अभियंत्यांना रस्त्याची मुभा नव्हती. त्यांना सौम्य चढ धरून डोंगराच्या अंगाअंगाने जावे लागले. मध्ये सोंड आली तर बोगदा, घळ आली तर पूल, खोलगट आले तर भराव. ऑस्ट्रियातला सेमरिंग घाट १८५४ साली रेल्वेने पार केला आणि आपला भोर घाट १८६३ साली. दोन्हींकडे चढ जवळपास सारखाच आहे. भोर घाटातला सर्वांत खडा टप्पा ३७ फुटांना एक फूट, म्हणजे २.७ टक्के. त्याच्याशी ताडून पाहायचे तर आपल्या डोंगरी रस्त्यांच्या मानकांत पाच टक्क्यांचा चढ नेहमीचा मानतात आणि अवघड जागी सात-आठ टक्केही चालवून घेतात. रेल्वेने तो सौम्य चढ मिळवण्यासाठी अपार पैसा ओतला. मजुरांनी प्राणही दिले. भोर घाटाच्या कामावर पटकी, ताप आणि अपघातांनी हजारोंचे जीव घेतले. पुढे कधीतरी गाडी नव्या बोगद्यातून जाऊ लागते आणि जुनी लाइन बंद पडते. रुळांचे वजन होते, ते भंगारात जातात. स्टेशनाच्या जागेची किंमत ठरते. चढाची किंमत मात्र कुठल्याच कागदावर लिहिली जात नाही. माझ्या मते त्या सगळ्या मालमत्तेत सर्वांत मोलाचा तोच असतो. रूळ गेले तरी तो जागेवर राहतो, पण सलग राहिला तरच. मधला एक पूल काढला, एका कटिंगमध्ये माती टाकून प्लॉट पाडले, की उरलेले पन्नास किलोमीटर निरुपयोगी होतात.

सलग राखले तर काय होते, हे ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर पाहता येते. साल्झबुर्गहून निघून एड्रियाटिक समुद्राकाठच्या ग्रादो गावी पोहोचणारा आल्प-एड्रिया सायकलमार्ग सुमारे ४१० किलोमीटर लांब आहे. आल्प्सची मुख्य रांग ओलांडून समुद्राला भिडणारा असूनही तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. त्याचा जीव आहे इटलीतल्या फेल्ला नदीच्या खोऱ्यात. उदिनेहून पोन्तेब्बाला जाणारी रेल्वे इथे १८७९ साली पूर्ण झाली. पोन्तेब्बा हे तेव्हा सरहद्दीवरचे गाव. पलीकडे ऑस्ट्रियाचे साम्राज्य आणि त्या बाजूचे जुळे गाव पोन्ताफेल. खोरे इतके चिंचोळे की नदी, रस्ता आणि रेल्वे यांना एकमेकांना ओलांडत, वाट देत जावे लागते. त्यामुळे लाइनीवर पूल आणि बोगद्यांची माळच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती एकेरी लाइन अपुरी पडू लागली. नवा दुहेरी मार्ग डोंगराच्या पोटातून लांब बोगद्यांनी नेला आणि २००० सालापर्यंत जुनी लाइन टप्प्याटप्प्याने बंद झाली. तिचे तुकडे विकले गेले नाहीत. रूळ काढून डांबर घातले, पुलांना कठडे लावले, बोगद्यांत दिवे लावले. आज तार्विझियोहून मोज्जोपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरांत सायकल चारशेहून थोडे अधिक मीटर उतरते, म्हणजे सरासरी एक टक्का. उलट दिशेने चढणाऱ्यालाही चढ जेमतेम जाणवतो. हिरव्या-निळ्या फेल्लावरच्या ज्या लोखंडी पुलांवरून एकेकाळी मालगाड्या धडधडत गेल्या, त्यांवरून आता मुले सायकली चालवतात. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सायकल प्रदर्शनात या मार्गाला वर्षातला सर्वोत्तम सायकलमार्ग म्हणून गौरवले गेले.

या मार्गाची भलावण करताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. तो संपूर्ण वाहनमुक्त नाही. जेमोनाच्या पुढे उदिनेकडे जाताना तो गावोगावच्या रस्त्यांना लागतो आणि तिथे ट्रॅक्टर, मोटारी सगळेच भेटतात. पण या उणिवेतूनही एक गोष्ट शिकता येते. मोटारींपासून पूर्ण फारकत सर्वांत जास्त कुठे हवी? जिथे खोरे चिंचोळे, चढ खडा आणि पर्यायी रस्ता नाही, तिथे. सपाटीवर गावरस्ता चालून जातो. सायकलचा वेग बरा असतो, तोल ठीक असतो, बाजूला सरायला जागा असते. म्हणून हातात मोजका पैसा असेल तर तो डोंगराच्या गळ्यात घालावा, मैदानात नव्हे. आपल्याकडे याच्या उलट घडते. सपाट, रुंद रस्त्याच्या कडेला रंग मारून सायकल ट्रॅक केला जातो, कारण तिथे तो करणे सोपे असते. जिथे खरी गरज असते, तिथे रंग मारायलाही जागा नसते.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप. डोंगरातल्या माणसाला एसटी हवी, दवाखाना हवा, बारमाही रस्ता हवा. शहरातून येणाऱ्या हौशी सायकलस्वारांसाठी सरकारने खर्च का करावा? हा प्रश्न फेल्लाच्या खोऱ्यातही लागू होता. १९७६ च्या मे महिन्यातल्या भूकंपाने फ्रिउलीत सुमारे हजार माणसे दगावली आणि व्हेंझोने, जेमोना ही गावे कोसळली. पुढे द्रुतगती महामार्ग आला, वाहतूक खोऱ्यावरून परस्पर जाऊ लागली. १९९५ मध्ये ऑस्ट्रिया युरोपीय संघात आला आणि सरहद्दीवरच्या जकातीच्या कामावर जगणाऱ्या गावांचे ते कामही गेले. खोऱ्यातल्या गावांची वस्ती गेल्या सत्तर वर्षांत निम्म्याच्या खाली आली आहे. सायकलमार्गाने ही गळती थांबवली असे मी म्हणणार नाही. एका वाटेकडून तेवढी अपेक्षा धरणे योग्य नाही. पण क्यूझाफोर्तेचे बंद पडलेले स्टेशन आज सायकलस्वारांच्या विसाव्याची आणि खाण्यापिण्याची जागा आहे. महामार्गाने गावाला टाळून नेलेली माणसे सायकलमार्ग पुन्हा गावात आणतो, आणि तीही सावकाश जाणारी. मोटारवाला शंभर किलोमीटर न थांबता जातो. सायकलस्वाराला वीस किलोमीटरांवर भूक लागते, चाळिसावर दुरुस्ती लागते, साठावर अंथरूण लागते. त्याचा पैसा लहान लहान गावांत, लहान लहान हातांत पडतो. शिवाय ही वाट गावातल्या शाळकरी मुलाचीही होते. शेजारच्या गावी जायला त्याला महामार्गाच्या कडेने जीव मुठीत धरून जावे लागत नाही. दवाखाना आणि सायकलमार्ग यांतले एकच निवडायचे असेल तर दवाखानाच निवडावा, याविषयी दुमत नाही. पण इथे निवड तशी नसतेच. भराव, बोगदे, पूल आधीच उभे आहेत. ते राखायचे की मोडीत काढायचे, एवढाच प्रश्न असतो.

वाट गावाला किती उपयोगी पडेल, हे तिच्याशेजारी चालू रेल्वे आहे की नाही यावर बरेचसे ठरते, आणि या गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आल्प-एड्रिया मार्गावर मुख्य रांग सायकलने ओलांडायचीच नसते. ऑस्ट्रियात बोकश्टाइन ते मालनित्झ हा आठ किलोमीटरांहून लांब बोगदा १९०९ साली सुरू झाला. सायकल गाडीत चढवली की पाव तासात माणूस डोंगराच्या पलीकडे. इटलीच्या उत्तरेला दोब्बियाकोहून ऑस्ट्रियातल्या लिएन्झपर्यंत द्रावा नदीकाठची वाट सुमारे ४५ किलोमीटर उतरत जाते. कुटुंबेच्या कुटुंबे दोब्बियाकोकडच्या बाजूला भाड्याने सायकली घेतात, दिवसभर उतरतात आणि संध्याकाळी रेल्वेने परत येतात. मूल थकले, पाऊस आला, चाक पंक्चर झाले, तर पुढच्या स्टेशनावर गाडी आहेच, हा भरवसा नसता तर यातल्या बहुतेकांनी सायकलला हातही लावला नसता. डोंगरात माणूस घराबाहेर पडतो तो परतीची खात्री असेल तरच. म्हणून ज्या डोंगरी लाइनी अजून धावत आहेत त्यांच्या डब्यांत सायकलला जागा देणे, हे नव्या ट्रॅकच्या कित्येक किलोमीटरांपेक्षा अधिक मोलाचे काम आहे, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

रेल्वेच्या बाजूने येणारा आक्षेप यातूनच पुढे येतो. उद्या ही लाइन पुन्हा लागली तर? सायकलस्वारांना एकदा जागा दिली की ती परत मिळेल का? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर अमेरिकेने १९८३ साली कायद्यात लिहून ठेवले. बंद पडणारी लाइन मोडीत न काढता पायवाट किंवा सायकलवाट म्हणून वापरायची, तिची मालकी आणि सलगता राखायची, आणि गरज पडली तर रेल्वेने ती परत घ्यायची, अशी ती तरतूद. तिच्यामागचे तत्त्व आपल्या गावगाड्याला परके वाटू नये. पडीक ठेवण्यापेक्षा कसायला द्यावी, पण सातबारा आपलाच ठेवावा. ॲपेलेशियन डोंगररांग ओलांडून कंबरलँड ते पिट्सबर्ग हा सुमारे २४० किलोमीटरांचा मार्ग जुन्या लोहमार्गांच्या तुकड्यांतून जोडत २०१३ साली पूर्ण झाला. त्यावरचा बिग सॅव्हेज हा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बोगदा दर हिवाळ्यात दारे लावून बंद करतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याने आतले अस्तर फुटत नाही. इटलीतल्या फिन्शगाउ खोऱ्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. मेरानो ते माल्लेस ही साठ किलोमीटरांची लाइन १९९० मध्ये बंद झाली. जागा मोडली नाही, रूळही राहिले, आणि २००५ मध्ये प्रांतिक सरकारने गाडी पुन्हा सुरू केली. आज त्याच खोऱ्यात अदिजे नदीकाठचा सायकलमार्ग आणि रेल्वे हातात हात घालून चालतात. लोक गाडीने वर जातात, सायकलने खाली येतात. लाइन बंद झाली त्या वर्षी जमिनीचे तुकडे करून विकले असते, तर पंधरा वर्षांनी शहाणपण सुचूनही त्याचा काही उपयोग झाला नसता.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: एवढ्या वाटा राखायच्या, जोडायच्या, कोणी? जिल्हा परिषद, वन खाते, रेल्वे, बांधकाम खाते, प्रत्येकाची हद्द वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये हीच अडचण २६ कँटनांची होती. तिथल्या मतदारांनी २०१८ च्या सप्टेंबरात ७३.६ टक्के मतांनी सायकलमार्गांना राज्यघटनेत स्थान दिले. पदभ्रमणाच्या वाटांना ते आधीपासूनच होते. त्यातून आलेला कायदा २०२३ च्या पहिल्या दिवसापासून लागू आहे. त्यानुसार कँटनांनी सायकलमार्गांच्या जाळ्याचे आराखडे २०२७ अखेरपर्यंत करायचे आणि २०४२ पर्यंत ते प्रत्यक्षात आणायचे. डोंगराळ देशाने जवळजवळ पंचवीस वर्षांचा पल्ला धरून हे ठरवले, याचे मला महत्त्व वाटते. मार्ग आज बांधला जाईल की दहा वर्षांनी, याला तितके महत्त्व नाही. रेषा नकाशावर आज कायद्याने आखली गेली, की तिच्यावर उद्या कोणी गोदाम उभारत नाही.

हे सगळे आल्प्समधले म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण आपल्या ओळखीच्या डोंगरांतून अशीच एक लाइन या काही वर्षांत मोडीत निघत आहे. अकोल्याहून खांडवा, तिथून ओंकारेश्वर, महू, इंदूर असा मीटरगेज मार्ग सातपुडा आणि विंध्य या दोन्ही रांगा ओलांडत असे. त्यातल्या खांडवा-इंदूर टप्प्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज ब्रिटिश सरकारला दिले. मराठी राज्यकर्त्याच्या पैशातून विंध्याचा घाट रुळांनी चढला, हा इतिहास इंदुरात आणि महूत राहणाऱ्या मराठी घरांना ठाऊक आहे. इकडे तो फारसा कोणी सांगत नाही. आता लाइन ब्रॉडगेज होत आहे, पण नवा मार्ग पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात जुन्या वाटेने जात नाही. जुना चढ ४० फुटांना एक फूट, म्हणजे अडीच टक्के. ब्रॉडगेजच्या जड गाड्यांना तो पेलत नाही म्हणून नवा मार्ग लांबचा वळसा घेतो. रेल्वेला जो चढ जड, तो सायकलला हलका असतो. घाटाच्या साडेनऊ किलोमीटरांत २०१८ पासून वारसा गाडी धावते आणि ती धावावीच. दोब्बियाकोच्या कुटुंबांना जो परतीचा भरवसा मिळतो, तो इथे ही गाडी देऊ शकेल. कालाकुंडच्या पुढे चोरल नदीच्या खोऱ्यातून नर्मदेकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेचे जे तुकडे नव्या मार्गाबाहेर पडतील, त्यांचे काय करायचे, हे रूळ उचलण्याआधी ठरले पाहिजे. ओंकारेश्वर हे ज्योतिर्लिंग त्या टोकाला आहे. पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना मोटारींपासून दूर अशी वाट मिळेल, हा लाभ सायकलस्वारांच्या लाभापेक्षा मोठा असेल.

मात्र प्रत्येक जुनी लाइन सायकलमार्ग व्हावी, असे मी म्हणत नाही, आणि त्याचे उदाहरण याच मार्गावर, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. अकोला-खांडवा टप्प्यात धूळघाटजवळ लाइन स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडते. चढ सौम्य ठेवण्यासाठी केलेली ही रचना देशात मोजक्याच ठिकाणी आहे, आणि सायकलस्वाराच्या डोळ्यांनी पाहिले तर याहून मोहाची जागा नाही. पण ती मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथून ब्रॉडगेज नेऊ नये म्हणून वन्यजीवांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मोठा लढा दिला. गाड्या थांबल्यावर जंगलाला जी शांतता मिळाली, ती सायकलींच्या नावाने पुन्हा मोडणे अन्यायाचे होईल. सायकल आवाज करत नाही, धूर सोडत नाही, हे खरे. पण तिच्यामागून चहाची टपरी येते, टपरीमागून पाण्याच्या बाटल्या, आणि मग रात्री मुक्कामाची मागणी. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. त्यांत कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत. तिथेही हाच नियम असावा. आधीच मोडलेली, माणसाने वर्षानुवर्षे वापरलेली वाट सायकलला द्यावी, आणि अभयारण्याच्या गाभ्यातली वाट जंगलाला परत करावी. असे केल्यानेच पर्यावरणाचा आक्षेप प्रामाणिकपणे मानला जातो. सायकल हिरवी म्हणून सगळीकडे चालेल, हे म्हणणे आळसाचे आहे.

सह्याद्रीत आणखी दोन अडचणी सांगितल्या जातात, पावसाची आणि दुचाकींची. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दरडी कोसळतात, भराव वाहून जातात. म्हणून वाट चार महिने बंद ठेवावी लागली तर ठेवावी. आल्प्समधल्या वाटाही बर्फात बंद असतात आणि त्यामुळे कोणी त्यांना फुकट गेलेल्या म्हणत नाही. जुन्या लोहमार्गांचा मोठा गुण त्यांच्या मोऱ्यांत आहे. पाणी कुठून येणार आणि कुठून काढून द्यायचे, हे त्या काळच्या लोकांनी एकेका ओढ्याचा पावसाळा पाहून ठरवले होते. मोऱ्या दर वर्षी मे महिन्यात साफ केल्या तर निम्मे काम होते. बुजू दिल्या तर दोन पावसांत भराव जातो. दुचाकींचा प्रश्न अधिक कठीण आहे. खांब रोवले तर मोटार अडते, मोटारसायकल त्यांच्यामधून निघून जाते. नुसत्या पाटीने काही होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण महाराष्ट्राला हे जमत नाही असे मात्र नाही. माथेरानला येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. मालक मंत्री असो की व्यापारी, पुढे चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने जावे लागते. अलीकडे मोजक्या ई-रिक्षांना परवानगी मिळाली, तीही न्यायालयातून. एवढी वर्षे हा नियम टिकला, कारण गावाचे पोट त्याच नियमावर अवलंबून आहे. ज्या वाटेवर गावातल्या बचत गटाची खाणावळ, तरुणाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आणि भाड्याच्या सायकली असतील, त्या वाटेवर शिरलेली मोटारसायकल गावकरीच अडवतील. वाटेची राखण ग्रामपंचायतीकडे आणि उत्पन्नाचा वाटाही तिच्याकडेच, असा करार आधी झाला पाहिजे, डांबर नंतर.

भोर घाटात तर आणखी छोटे काम आहे आणि ते लगेच करण्याजोगे आहे. खंडाळ्याजवळ गाडी एका दिशेने येऊन इंजिन फिरवून उलट दिशेने चढत असे. ते जुने रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवी लाइन झाल्यावर सोडून दिले गेले. ती वाट लांब नाही आणि तिच्यावरून कोणी मुंबईहून पुण्याला सायकलने जाणार नाही. पण द्रुतगती मार्गाच्या आणि जुन्या महामार्गाच्या नव्यानव्या कामांत तिचे उरलेसुरले भराव, पुलांचे खांब आणि बोगद्यांची तोंडे यांची एकदा नीट मोजणी व्हावी, त्यांचा नकाशा व्हावा आणि ती सार्वजनिक मालकीची म्हणून नोंदली जावीत. १८३० साली बांधलेला अमृतांजन पूल याच परिसरात होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो सुरुंग लावून पाडला. त्याच्या पाडण्याला वाहतुकीच्या सुरक्षेची कारणे दिली गेली आणि ती खोटी नव्हती. तरीही घाट चढण्याच्या जुन्या कौशल्याची एक खूण गेली.

चोरलच्या खोऱ्यातले रूळ उचलायची निविदा जेव्हा निघेल, तेव्हा तिच्यात तीन ओळींची भर पुरेशी आहे. पुलांचे गर्डर काढू नयेत. जागेचा एकही तुकडा स्वतंत्रपणे विकू किंवा भाड्याने देऊ नये. खडी जागेवरच ठेवावी, कारण उद्याच्या वाटेचा पाया तीच आहे. सायकलमार्गासाठी पैसा आज नसेल, तो दहा वर्षांनी येईल. पण एकदा गर्डर भंगारात गेले की तोच ओढा पुन्हा ओलांडायला कोट्यवधी रुपये लागतात.